उचलून न्यायला बरं

शनिवार, संध्याकाळ

आज ग्रामसभेत आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेसाठी तावातावाने बोललो. पोलादी पत्रा न तापवता, थंडच वाकवून केलेली इमारतीची चौकट, दौंडला स्वतः पाहून आलो होतो. वजनाला हलकी, म्हणून काळ्या मातीत खचत नाही. महिन्याच्या आत उभी राहते. बोल्ट काढून दुसरीकडे नेताही येते. हे शेवटचं कशाला बोललो?

सरपंच आप्पा हसले. "मग लई ब्येस! उद्या रस्त्याला जागा लागली तर उचलून न्यायला बरं." लगेच मंजुरी. आणि त्याच सभेत देवळाच्या सभामंडपाला सिमेंटचा स्लॅब! तो कुणी हलवायचा नाही. आमच्या पोरींनी मात्र परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड उचलायचं?

बाहेर येताच वस्तीतल्या पारूआक्कांनी झापलं, "बोल्ट निघत्यात हे त्यास्नी कशापायी सांगितलंस रं? लई शिकलास!" खरंच, कशापायी? इतकी पुस्तकं वाचली, समोरचा माणूस वाचता आला नाही.

पोलादात खोट नाही, इमारत तीच हवी. पुढच्या सभेत विचारणार, आप्पा, एवढं ब्येस आहे तर सभामंडपही पोलादीच करू या का? हसू द्या मग. पण अभ्यासिकेची जागा कायमची वस्तीची, हे ठरावात लिहून त्यांची सही होईपर्यंत मी खाली बसणार नाही.