खोलीपेक्षा मोठी चूल

अल क्वोज, दुबई
रविवार, दुपार

तीर्थरूप वसंतमामांच्या पायांवर (दुखरा गुडघा सांभाळून) रणजितचा नमस्कार. मामीची शुगर, तुमचा गुडघा आणि शेजाऱ्यांशी चाललेलं गटाराचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. मी मजेत आहे. वजन चार किलोने वाढलंय, हे आईला सांगा. कपडे स्वतः धुतो हे नका सांगू, तिचा विश्वास बसायचा नाही.

मामा, पोरगं वर्षभर टिकेल असा शब्द तुम्ही इथल्या वर्कशॉपच्या राजनशेठना दिलात. नववीत माझी शाळा खलास झाली, तेव्हापासून मी कुठेच चार महिन्यांवर टिकलो नाही. गॅरेज झालं, बेकरी झाली, तुमचं दुकानही झालं, तुम्हाला काय सांगायचं. इथे मात्र अकरा महिने झाले आणि नेमका अकराव्या महिन्यात तुमचा शब्द मी जवळजवळ जाळलाच होता.

आमच्या वर्कशॉपमध्ये लाकडावर चालणाऱ्या लोखंडी चुली बनतात. बंद पेटी, पुढे काच, वर धुराडं. (वाळवंटात चूल कोण घेतं म्हणून मीही हसलो होतो, पण जानेवारीत इथल्या डोंगरात दात वाजतात.) दहा महिने मी त्या नुसत्या उचलल्या. मग शेठ म्हणाले, आता टेप घे आणि मापाला जा. खोलीची लांबी, रुंदी, उंची, भिंत किती जाड, फटींतून वारा किती, एवढं लिहिलं की केवढी चूल लागेल ते तक्ता सांगतो. पहिलंच गिऱ्हाईक आपलं निघालं, अल कुसैसचे सिद्धार्थसाहेब आणि शालिनीताई. त्यांनी रास अल खैमाच्या डोंगरात हिवाळ्यापुरतं एक दगडी घर भाड्याने घेतलंय. बसायची खोली एकच, भिंती हातभर जाड. तक्ता म्हणाला, पाच किलोवॅट. साहेबांचा चेहरा पडला, एवढीशी चूल पाहुण्यांना काय दाखवायची. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "रणजित, तू सांग. तुला काय वाटतं?"

मला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. (तुम्हीही नाही.) मी तक्ता घडी घालून खिशात टाकला आणि म्हणालो, ताई, आपल्याकडे पोराला शर्ट घेतात तो वाढत्या अंगाचा. बारा किलोवॅटची घ्या. त्यांना हे इतकं पटलं की चहाबरोबर चकली आली. पोर वाढतं, खोली वाढत नाही, हे चकली खाताना कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पेटवायच्या दिवशी मलाही आग्रहाने बोलावलं. नारळ फुटला, दहा पाहुणे स्वेटर-मफलर घालून बसले. पंधरा मिनिटांत स्वेटर उतरले, अर्ध्या तासात मफलरने घाम पुसणं सुरू झालं, आणि मग साहेबांनी एसी लावला. बाहेर आठ डिग्री, आत चूल धडधडतेय आणि वर एसी अठरावर. त्यांची लेक मिहिका म्हणाली, "डॅड, धिस इज सो स्टुपिड," आणि तिला कुणी गप्प केलं नाही. मग मी हुशारी केली. चुलीच्या हवेची खिट्टी बंद केली. आग दबली, पण लाकूड धुमसायला लागलं, काच काळी झाली, आणि बघायला म्हणून दार उघडलं तर सगळा धूर खोलीत. पाहुणे अंगणात गेले, नारळाचा प्रसाद आत राहिला. धूर बघून घरमालक आले, इथलेच अरब म्हातारे. त्यांनी आत डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं. "हबीबी, ये घर है या तंदूर?" (इथले म्हातारे आपल्यापेक्षा बरं हिंदी बोलतात.)

परत आल्यावर मी बॅग भरली. चूक झाली की बॅग, ही माझी रीत तुम्हाला माहीतच आहे. पण माझ्या खोलीतला यूनुस, आमचा वेल्डर, बॅगेवरच बसला. "जायचं तर जा, पण आधी ती चूल उतरव. एकशेचाळीस किलो मी एकटा उचलणार का?" त्याचंही बरोबर होतं. मग शेठना तक्त्यासकट सगळं सांगितलं. ते दहा मिनिटं मराठीत बोलले, मराठी संपल्यावर हिंदीत, आणि उरलेलं अरबीत. शेवटी म्हणाले, सुट्टीच्या दिवशी जा आणि पाचाची बसवून ये.

बसवली. दोन लाकडं टाकली, खिट्टी पूर्ण उघडी ठेवली, आग स्वच्छ पिवळी, काच लख्ख. शालिनीताई पाय पसरून बसल्या. घरमालक कॉफी प्यायला आले ते उठेचनात. मामा, मीही बसून राहिलो. मला कुठे जावंसंच वाटेना.

मामीला नमस्कार.

तुमचा (अजून नोकरीत असलेला) भाचा,
रणजित

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. वर्ष भरलं की पाडव्याला कायमचा येतो असं मी आईला सांगून ठेवलंय, आणि तिने माझ्यासाठी पुढची खोली रंगवायला काढलीय. काल शेठनी मापाचं काम कायमचं माझ्याकडे दिलं आणि मी दोन वर्षांच्या कागदावर सही करून बसलो. कुणी बळजबरी केली नाही. आईला तेवढं तुम्ही सांगा. मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

आणखी एक. जेवणाआधी सांगू नका, ताट तसंच ठेवून उठेल.