आपल्या ओट्यावरचा सिनेमा

आई, आपल्या बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरात आम्ही सिनेमा केला होता ना, तो काल पुन्हा बघितला. इतक्या वर्षांनी कोणीतरी इंटरनेटवर टाकलाय. रडू येईल असं वाटलं होतं, म्हणून दार लावून बसले. काही झालं नाही. चहा तेवढा गार झाला. ओटा दिसला, तुझे डबे दिसले, खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसली, आणि मी दुसऱ्याच कोणाचं तरी घर बघावं तशी बघत राहिले. हल्ली बऱ्याच गोष्टींचं असंच होतं माझं.

सिनेमा तिचा होता. ती माझ्याच कंपनीत प्रोग्रामर, कर्वेनगरला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीच्या दिवशी उसना कॅमेरा घेऊन हिंडायची. तुला मी सांगितलं होतं, ऑफिसची मैत्रीण आहे, दोन मैत्रिणींची गोष्ट आहे, दोन रविवार स्वयंपाकघर हवंय. गोष्ट दोन बायकांच्या प्रेमाची होती. त्यातल्या एकीचं लग्न ठरतं, आणि भाकरी थापता थापता ती दुसरीला सांगते, मी जाते. दुसरी काहीच बोलत नाही. संपलं. ही गोष्ट तिला कुठून सुचली ते मला ठाऊक होतं. मावशी तेव्हा माझ्यासाठी स्थळं आणत होती, आणि प्रत्येक स्थळाची हकिगत मी ऑफिसात हिला सांगत होते. ती ऐकून घ्यायची. सांगताना मी हसायचेसुद्धा.

पहिल्या रविवारी अर्धा प्रसंग झाला. शेगडीमागची फोडणीच्या धुराने काळी पडलेली, पोपडे आलेली भिंत बघून ती वेडीच झाली. जाताना तुला दहादा बजावून गेली, "काकू, कशालाही हात लावू नका हं. पुढच्या रविवारी अगदी अस्संच लागेल." तू मान हलवलीस. आठवडाभर मी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होते; पुढच्या रविवारी परस्पर तिला आणि सिनेमातल्या दोघींना घेऊन येते तर भिंत पोपटी, कोरी करकरीत, आणि तू पदर खोचून दारात उभी. "भांडी जिथल्या तिथे आहेत हो, एक चमचा हलवलेला नाही. भिंतीला तेवढा डिस्टेंपर मारून घेतला. मुलगी कॉम्प्युटरात आणि आईच्या भिंतीला पोपडे, हे काय जगाला दाखवायचं?" ती मटकन खालीच बसली. मी ओरडले तुझ्यावर. "अगं, काही अक्कल आहे का? अर्धा सीन काळ्या भिंतीसमोर झालाय!" सगळ्यांसमोर बोलले. तू तिलाच विचारलंस, "पोरी, मधे वर्ष गेलं असं दाखवलं तर नाही का चालणार? दिवाळीला रंग देतातच की लोक." तिने पिशवीतून वही काढली. म्हणून सिनेमात वर्ष उलटतं, आणि त्या दोघी त्याच ओट्याशी उभ्या राहून आमटीतल्या मिठावरून भांडतायत. जाणारी गेलेलीच नाही. खाली लोकांनी लिहिलंय, त्या काळात असा शेवट, केवढं धाडस! धाडस कसलं डोंबलाचं. तुझी हौस होती ती.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळी तो दाखवला. माणसं मोजकीच होती. तू आम्हा दोघींच्या मधे बसलीस. मग तिलाही जेवायला घरी घेऊन आलीस. ती आत बेसिनवर हात धूत होती. तू पिठलं ढवळत, माझ्याकडे न बघता विचारलंस, "तुमचं दोघींचंही तसंच आहे ना?" मी ताटं मांडत राहिले. तू म्हणालीस, "तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. ऐकायचं नसतं, पण कॉल जोडताना 'हॅलो' कानावर पडतंच. एका हॅलोवरून कळायचं, पलीकडे साहेब आहे का नवरा आहे ते. तू तिला हॅलो म्हणतेस ते दोन वर्षं ऐकतेय. तसं असेल तर सांग बाई. मावशीला मी बघते, स्थळं बंद कर म्हणते."

किती सोपं करून दिलं होतंस गं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आणि मी म्हणाले, "शी! काहीतरीच काय आई. सिनेमा आहे तो."

आतला नळ बंद झाला. ती आली, पाटावर बसली, भाकरी छान झालीय काकू म्हणाली, ताट स्वच्छ करून उठली. दोन महिन्यांत तिने बंगलोरला बदली मागून घेतली. मी अडवलं नाही. लग्नही केलं नाही. तू अधूनमधून विचारायचीस, "ती पोरगी येत नाही हल्ली?" मी म्हणायचे, कामात असते. मला स्वतःची लाज वाटायची तेव्हा. आता तीही फारशी वाटत नाही, याचीच कधीकधी भीती वाटते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. लिहून झालं की पुसून टाकणार आहे. पण एक सांगायचं राहिलंय. तुला झटका आला, बोलणं जड झालं, तेव्हा हॉस्पिटलात एका दुपारी तू अगदी स्वच्छ म्हणालीस, "तिला फोन लाव. मला बोलायचंय." कोणाला, हे मी विचारलं नाही. मोबाइल कानाला लावला. "लागत नाहीये आई." तू म्हणालीस, "परत लाव." मी परत कानाला लावला. "नाही गं लागत." "रिंग तरी जातेय का?" "नाही." तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस, बरं म्हणालीस आणि डोळे मिटलेस. चार दिवसांनी गेलीस.

तिचा नंबर तोंडपाठ होता, आई. मी तो दाबलाच नव्हता.