नेरियाच्या चुलीचे तीन दगड

न्याकोंगो टेकडी, होमा बेच्या अलीकडे
रविवार, चर्चहून आल्यावर

थोरले मेहुणे टोबियास यांना जावई सिल्व्हानस याचा टोपी काढून, मान खाली घालून नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? लग्नात वधूमूल्य म्हणून आमच्याकडून आलेली ती शिंगमोडकी गाय अजून दूध देते का? (परत मागत नाही, सहज विचारतो.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझी बायको, म्हणजे तुमची बहीण नेरिया, गेले दोन आठवडे तुमच्या ओसरीवर बसलेली असताना हे वाक्य तुम्हाला कसं लागेल याची मला कल्पना आहे. तिनं तुम्हाला सगळं सांगितलंच असेल. किंवा काहीच सांगितलं नसेल, आणि मी तिला ओळखतो त्या मानानं ते जास्त वाईट. म्हणून माझी बाजू कळवतो. तिला बाजू म्हणावं की नाही, ते वाचून ठरवा.

तुम्हाला माहीतच आहे की टेकडीच्या हवामान आणि विकास समितीचा मी अध्यक्ष झालो. (विरोधात कोणी उभं नव्हतं, होतं ते ऐनवेळी बैल शोधायला गेलं.) किसुमू शहरातून एक साहेब आले. त्यांनी जगाच्या विकासाची सतरा उद्दिष्टं रंगीत पुठ्ठ्यांवर भिंतीला लावली आणि दोऱ्यानं एकमेकांना बांधून दाखवली. कमी लाकडाची मातीची चूल घरात आली की झाडं वाचतात, हवा सुधारते, बायकांच्या छातीत धूर जात नाही, मुलींचा मोळ्या आणण्यातला वेळ शाळेला मिळतो. एक चूल आणि इतके दोरे! मेहुणे, मला ते इतकं पटलं की नंतर आठवडाभर मला सगळीकडे दोरेच दिसत होते. शेजाऱ्याची बकरी आमच्या भाजीत शिरली तेव्हा मी त्याला तिचा आणि वाळवंट पसरण्याचा संबंध समजावून सांगितला. नेरिया तेवढं ऐकून म्हणाली, "डोरीनचे बाबा, या सतरा पुठ्ठ्यांत मी कुठे आहे?" मी म्हटलं, पाचव्यात, स्त्री-पुरुष समानतेच्या. ती म्हणाली, "बरं, मग पाचवा पुठ्ठा आज शेतावर जातोय. मक्याच्या पिठाची उगाली तुम्ही ढवळा."

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण गावात भलतंच पसरलंय. नव्या चुलीला तिचा विरोध नव्हता. उलट टेकडीवर पहिली चूल तिनंच मागून घेतली आणि तिच्यावर ओमेना मासळी तळून साहेबांना खाऊ घातली. तिचं म्हणणं एवढंच होतं की जुन्या चुलीचे तीन दगड कोपऱ्यात राहू द्या, सासूबाईंनी ते मला मांडून दिलेत. मी हो म्हटलं होतं.

पण साहेबांनी बजावलं होतं की लोक नवी चूल घेतात आणि पाहुणे गेले की जुनीकडे वळतात. यावर मला उपाय सुचला. (मला उपाय सुचतो तेव्हा कोणी तरी माझ्या डोक्यावर थंड पाणी ओतावं, अशी तुम्हाला विनंती.) प्रत्येक घरानं आपले तीन दगड समितीला द्यायचे, त्यांचा चौथरा बांधायचा आणि त्यावर प्रकल्पाची पाटी उभी करायची. सभेत टाळ्या पडल्या. ठरल्या दिवशी बायका डोक्यावर काळे दगड घेऊन हसत हसत आल्या. नेरिया ओयुगिसच्या बाजारात होती. अध्यक्षाच्याच घरचे दगड नाहीत, हे कसं दिसेल? मी स्वयंपाकघरात गेलो, तिचे तीनही दगड उचलले आणि सगळ्यांसमोर चौथऱ्यात बसवले.

नवऱ्यानं बायकोच्या चुलीचे दगड बाहेर काढले म्हणजे तिलाच घराबाहेर काढलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण त्या क्षणी मला वाटलं की हा विकास आहे, याला जुना नियम लागू नसेल. नेरिया परत आली, तिनं जमिनीवरचे तीन खळगे पाहिले. बाजारातून आणलेलं मीठ तेवढं डब्यात भरलं आणि पातेलं घेऊन निघाली. मी म्हटलं, अगं, पाटीचं उद्घाटन आहे. तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं ऐका. दोनच दिवसांनी पावसाची जोरदार सर आली आणि चौथरा धुऊन निघाला. सगळे दगड स्वच्छ पांढरे झाले, तीन सोडून. टेकडीवरच्या यच्चयावत बायकांनी ओढ्यातले धोंडे उचलून, काजळी फासून आणले होते! त्यांचे खरे दगड घरोघरी जागच्या जागी आहेत. शेजारची पेरेस म्हातारी चौथऱ्याजवळ काठी टेकून म्हणाली, "अध्यक्षा, सगळ्या गावानं धोंडे दिले. काडीमोड तू एकट्यानं दिलास, आणि वर टाळ्या घेतल्यास."

नवी चूल उत्तम आहे. चार काटक्यांत पाणी उकळतं, धूर नाही. पण तिच्यासमोर बसून मी एकटाच चहा पितो आणि डोरीन माझ्याशी कामापुरतं बोलते. मला फार वाईट वाटतं, मेहुणे. एवढे दोरे बांधले आणि घरातला एक तोडून बसलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

आपला,
सिल्व्हानस ओकेच

ता. क. मूळ मुद्दा राहिला. शुक्रवारी प्रकल्प बघायला पाहुणे येणार आहेत. अध्यक्षाच्या घरातली बाई नव्या चुलीवर रांधताना त्यांना पाहायची आहे. तेव्हा निदान प्रकल्पासाठी, देशाच्या हवेसाठी, नेरियाला गुरुवारपर्यंत पाठवून द्यावं.

ता. क. (दुसरा) पत्र बंद करणार तोच साहेबांचा फोन आला. पाहुणे दुसऱ्या टेकडीवर जाणार आहेत, आमच्याकडे कोणी येत नाही. तरी तिला पाठवा. मी पहार घेऊन चौथरा फोडला. पाटी आडवी झाली आहे. तीनही दगड घरी आणून भिंतीशी ठेवले आहेत. मांडलेले नाहीत. मांडायचे की नाही, ते तिनं ठरवायचं.