पद्माची सुई

सोम. १२ जाने. ७६
ट्रेनिंग संपलं. डॉ. म्हणाले, "आता तुम्हा नर्सबाईंवर सोपवतोय. मी एकटा किती पेठा फिरणार?" पोरांचा घसा दुखतो, सांधे सुजतात, आई तेल चोळत बसते, आणि ताप जाता जाता हृदयाची झडप खराब करून जातो. तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन. एवढंच. एवढंच म्हणे! एखाद्याला सोसलं नाही तर बघता बघता खेळ खलास, हेही त्यांनीच शिकवलं. बाकीच्या माना डोलवत होत्या. मी तेवढं वहीत दोनदा लिहून घेतलं.

सोम. १९ जाने.
शुक्रवार पेठेतला दवाखाना, नर्स मी एकटी, हाताशी एक आयाबाई. पहिलीच पद्मा. ११ वर्षं, बाप कापडाच्या मागावर कामाला, आई लक्ष्मीबाई विड्या वळते. चार पायऱ्या चढली की धापा टाकते पोरगी. आधी हातावर थेंबभर टोचून गांधी उठते का ते अर्धा तास बघायचं, मग खरी सुई. तो अर्धा तास! तिने नाक खाजवलं तरी मला धस्स. "अक्का, तुमीच का भिताय?" म्हणते कशी, कार्टी! निभावलं.
घरी यांना सांगितलं. "झेपत नसेल तर सोड." झेपत नाही असं कुठं म्हटलं मी?

सोम. ९ फेब्रु.
जमेल तसं लिहितेय.
पद्माच्या हातावर काही उठलं नाही, म्हणून सुई दिली. उभी राहिली आणि धाडकन खाली. पांढरीफटक, घामाघूम. वाटलं, गेली. रिॲक्शनवरचं इंजेक्शन भरलं. मग नाडी बघितली. मंद, पण लागत होती. पुरळ नाही, श्वास सरळ. द्यावं की थांबावं? आधीच दुबळं हृदय, ते आणखी पळवणारं औषध उगाच दिलं तर... पाय उंच धरले तिचे. लक्ष्मीबाई किंचाळली, "मारलीस की गं माज्या पोरीला!"
पोरीने डोळे उघडले. पाणी मागितलं. सकाळपासून पोटात काही नाही! सुई लागू पडावी म्हणून आईने सुईच्या दिवशी कडक उपास धरायला लावलेला. साधी घेरी. मी ओरडले, "अहो, अशा अशक्त पोरीला उपास?" तर म्हणाली, "देवाला कायतरी द्यावं लागतंय की."
ते भरलेलं इंजेक्शन मी दिलंच असतं तर? नको, विचार नको.

गुरु. १२ फेब्रु.
पेठेत बोभाटा. नर्सबाईने पोरगी मारलीच होती म्हणे. आज दोन पोरं यायची होती, एकही फिरकलं नाही.
संध्याकाळी पद्माकडे गेले. लक्ष्मीबाईनं दारातूनच, "आमाला नको तुमची सुई. हाय तशी जगंल."
जगणार नाही हो बाई, पुन्हा ताप आला तर! सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "तुमची पोरगी असती तर टोचली असती का?" टोचली असती म्हणाले. खोटं. त्या दिवशी तरी नसती टोचली.
डॉ. म्हणतात, "तुमचं काही चुकलं नाही. फक्त आईबापाला विचारल्याशिवाय हात लावू नका."

सोम. १ मार्च
दुपार. पद्मा एकटीच आली. आई विड्या पोचवायला गेलीय. "अक्का, टोचा. जेवून आलेय. आईला सांगू नका." आ करायला लावलं. घसा लालभडक. कालपासून दुखतोय म्हणे. अंग कोमट.
डॉ. परगावी गेलेत. परत पाठवली तर पुन्हा येईल कशावरून? दिलं आणि काही झालं तर पेठ मला सोडणार नाही. आणि हिची आई... आयाबाईला धाडलं, लक्ष्मीबाईला घेऊन ये म्हणून.
थेंब टोचलाय मात्र. राहवलं नाही. ती बाकावर पाय हलवत बसलीय, मी समोर हे लिहितेय. नाहीतर जीव थाऱ्यावर राहायचा नाही. हातावर अजून काही नाही.
गल्लीतून लक्ष्मीबाईचा आवाज येतोय. लई चिडलीय.
पद्मा उठली आणि दाराला कडी घालून आली. मी ती अजून काढलेली नाही.