यूकीचं अर्धं नाव

३ फेब्रुवारी २०२५

माफ कर गं वही, नाताळ झाल्यापासून तुला हात लावला नाही. मन थाऱ्यावर नाही. काल जपानहून फ्लॉईडचा फोन आला. दोनच मिनिटं! नातवाला दे म्हटलं, तर "युकी झोपलाय, पप्पा." गेल्या वेळी शाळेत होता, त्याच्या आधी आजारी. पाच वर्षांच्या पोराला आजोबाशी बोलायला वेळ नाही? चेहरा दाखव म्हटलं, तर नेट चालत नाही. जपानात!

मटिल्डा म्हणते, "तुम्हाला काळजी करायला निमित्तच लागतं." लागतं तर लागतं.

५ फेब्रुवारी

ठरलं. सुनेलाच फोन करायचा. मिदोरीचा नंबर लग्नापासून माझ्याकडे आहे. पण बोलू काय? तिला मराठी नाही, इंग्रजी दोघांचंही बेताचं. शेजारच्या गुरुदत्तची नात इशिता जपानी शिकते. तिच्याकडे गेलो — चार वाक्यं लिहून दे.

"आजोबा, फोनच ट्रान्सलेट करून बोलतो की!"

नको. पोराने माझा आवाज ऐकायला हवा. मशीनचा नको.

लिहून दिलं, पण इंग्रजी अक्षरांत. मराठीत लिही म्हटलं तर म्हणते, "माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. हेच वाचा." आणि मी सातवी पास!

८ फेब्रुवारी

सकाळी केळींना पाणी सोडून कागद काढला. गंमतच झाली. लहानपणी गासच्या देवळात मी वेदीसेवक होतो, तेव्हा मिस्सेची प्रार्थना लॅटिनमध्ये असायची. अर्थ कळत नसे, पण फादर आ, ए, इ, ओ, उ असे स्वच्छ म्हणून घ्यायचे. हेही तसंच. एका अक्षराचा एकच आवाज, इंग्रजीसारखी फसवाफसवी नाही. तसंच वाचलं. इशिता बघतच राहिली.

पण पुढे अडलो. "गेन्की देसु का", म्हणजे बरा आहेस का. ती म्हणाली, "देसुमधला उ बोलायचा नाही, आजोबा. देस का."

"मग लिहितात कशाला?"

"असतो, पण ऐकू येत नाही. मटिल्डाआजीपुढे तुमचा आवाज असतो ना, तसा!" कार्टी!

१० फेब्रुवारी

आज नाही जमलं. सगळं विसरलो.

१२ फेब्रुवारी

कागदावर यूकीच्या नावातल्या यूच्या डोक्यावर आडवी रेघ आहे. मला वाटलं, पोरीने सवयीने शिरोरेघ ओढली. नाही! ती रेघ स्वर लांबवायची. युकी वेगळा, यूकी वेगळा. म्हणजे पाच वर्षं मी नातवाचं अर्धंच नाव घेत आलो! म्हणून तर तो फोनवर येत नसेल? आपल्याला कोणी हाक मारतंय, हेच त्याला कळत नसेल.

मटिल्डाला सांगितलं. "पाच वर्षांत तुम्ही त्याच्याशी बोललात किती वेळा? नाव बिघडायला तरी संधी मिळाली का?" बोलली, आणि मग तोंड फिरवून भाजी निवडत बसली. तिलाही लागलंय.

१५ फेब्रुवारी

उद्या रविवार. मिस्सा झाली की फोन. घसा धरलाय, गुळण्या केल्या. मिदोरीने उचललाच नाही तर? उचलून ठेवून दिला तर? फ्लॉईडला हे सांगितलेलं नाही, तो चिडेल. चिडू दे. पंचाहत्तर झालो. माझा आवाज त्या पोराच्या कानात एकदा तरी पडायला हवा.

१६ फेब्रुवारी

मिदोरीने लगेच उचलला. यूकी आला. मी पूर्ण नाव घेतलं, यू लांबवला. चारही वाक्यं त्याला कळली! हसला. मग भरभर काहीतरी बोलला. इशिता शेजारीच बसून ऐकत होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तो म्हणतोय, आजोबा, आता पप्पांनाही बोलवा ना."

मग मिदोरीकडून कळलं, फ्लॉईड डिसेंबरातच घर सोडून गेलाय. इकडे वसईला माझ्याकडे जातो, असं सांगून.

त्याचा फोन बंद लागतोय. मटिल्डा देवघरासमोरून उठत नाही. बाळा, तुला कोणी काही विचारणार नाही. कुठे आहेस तेवढं कळव. लवकर कळव.