कानशीचा चुरा

प्रिय दादा,

फोन कापता येतो. मंगळवारपासून तू माझा तीनदा कापलास. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस ते वाचतोच. आणि तू वाचशीलच, कारण धाकट्याला चार ओळी सरळ लिहिता येतात का हे बघून हसायची संधी तू सोडणार नाहीस. हस. सातवीत शाळा सोडून तुझ्या गॅरेजात आलो तेव्हा तूच म्हणाला होतास, पाना धरता आला की झालं, पेन कशाला हवंय. पाना धरणाऱ्या हातानंच लिहितोय, अक्षर तसंच येणार.

मुद्द्याचं आधी सांगतो, म्हणजे मधेच टाकून दिलंस तरी डोक्यात राहील. मास्तरांच्या गाडीच्या त्या चाकाचे नट मी सैल सोडले नव्हते. चारच्या चारही आवळले होते, पान्यावर पाय देऊन आवळले होते. मी विसरलो नव्हतो, दादा. आणि हे तुला त्याच दिवशी माहीत होतं.

तीन वर्षं मी 'विसरलेला' म्हणून जगतोय. घर सोडून आलो, तर इथे टायरच्या शॉपमध्ये माझं नाव काय पडलंय ठाऊक आहे? 'तीनदा'. कारण मी प्रत्येक नट तीनदा बघतो. खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो. गॅसचं बटण बंद करून जिना उतरतो, परत चढतो, परत बघतो. खोलीतले दोघं जण मला चिडवतात, 'तीनदा, श्वास घेतलास का बघ, नाहीतर विसरला असशील.' मी पण हसतो. हसून काय करणार? ज्याच्या विसरण्यानं एका माणसाचा गुडघा कायमचा गेला, त्यानं कुलूप तीनदाच काय, तीसदा बघायला हवं, असं मला वाटायचं. वाटायचं कशाला, तू वाटायला लावलंस. 'तू फोनवर बोलत होतास, पुढचं डावं चाक तसंच राहिलं,' असं तू इतक्या वेळा सांगितलंस की शेवटी मला तो फोन आठवायला लागला. कुणाचा होता, काय बोललो, सगळं. नसलेला फोन, दादा! नसलेला फोन मला कानाशी धरलेला आठवतो. हे करायला काय लागतं माहीत आहे का तुला? फक्त थोरला भाऊ लागतो.

आता सोमवारी काय झालं ते ऐक. एक नवरा-बायको आले. कुणाकडून तरी जुनी अलॉय चाकं घेतलेली, डिकीत भरून आणलेली, आणि ती आमच्याकडून बसवून हवी होती. माझा जॅक आधीच लागला होता, म्हणून मावशी येईपर्यंत मी चाक लावून बघितलं. मावशी म्हणजे आमची हेड. पन्नाशीची बाई, मनगट तुझ्या दीडपट. सगळे मावशी म्हणतात ते मायेनं नव्हे, भीतीनं. चाकाची तीन भोकं स्टडच्या बोल्टांवर गेली, चौथं अडलं. केसभर. मी काही विचार केला नाही. बाकावरची कानस घेतली आणि त्या भोकाच्या कडेला लावली. हात आपोआप गेला, जसा तुझ्याकडे जायचा. 'कानस मार, बसेल.' आपल्या गॅरेजचा मंत्रच होता तो.

मागून मावशीनं माझं मनगट धरलं. काय चाललंय, म्हणाली. म्हटलं, जरा मारतो, बसेल. हे तुला कुणी शिकवलं, तिनं विचारलं. आणि मी, दादा, मान ताठ करून सांगितलं, 'माझ्या दादानं.' तर म्हणते, 'तुझा दादा गॅरेज चालवतो की हाडांच्या डॉक्टरला गिऱ्हाईक पुरवतो?' सगळे फिदीफिदी हसले. मला इतका राग आला की कानस फेकून निघून जावंसं वाटलं. तुझ्यासाठी राग आला होता मला, लक्षात घे. सोमवारी सकाळपर्यंत मी तुझ्या बाजूचा होतो.

त्या नवरा-बायकोला तिनं चाकांसकट परत पाठवलं. चार गोड शब्द बोलली, पण बसवली नाहीत. मग मला बाकाजवळ घेऊन गेली. भंगारातलं एक चाक दिलं, चाक ज्यावर बसतं तो एक जुना हब दिला, म्हणाली, 'मार आता कानस, दादानं शिकवली तशी.' मी मारली. हबवरच्या स्टडचं वर्तुळ शंभराचं होतं, चाकाच्या भोकांचं अठ्ठ्याण्णव. दोन मिलिमीटर. म्हणजे एका भोकाला एकच. वीस मिनिटांत चाक आत गेलं, अगदी छान बसलं. तिनं भोकांच्या खळग्यांना निळा खडू घासला, नट लावले, आणि मला मापाचा पाना दिला, तो ठरलेला जोर आला की 'टक्' करतो. चारही नटांवर टक् झालं. हाताला घट्ट. तू असतास तर म्हणाला असतास, बघ, दगड झालाय दगड. मग म्हणाली, काढ आता.

काढलं. नटाचं तोंड निमुळतं असतं आणि भोकातला खळगाही तसाच. नट त्यात सगळीकडून टेकायला हवा. तिनं एक बरोबर मापाचं चाकही असंच खडू लावून आवळून काढलं होतं, त्याचा निळा रंग गोल पुसला गेलेला, पूर्ण बांगडी. माझ्या चाकावर खडू फक्त एका कडेला पुसलेला. नखाच्या कोरेएवढा. बाकी सगळा निळा तसाच. म्हणजे पाना टक् म्हणतो, हात घट्ट म्हणतो, आणि आत नट एवढ्याशा कोरेवर टेकलेला असतो. गाडी चालते, ती कोर झिजते, नट सुटतो. कितीही आवळा. पायानं आवळा नाहीतर हत्ती उभा करा. मावशी म्हणाली, 'हे विसरण्याचं काम नाही रे, तीनदा. हे करण्याचं काम आहे.' तिला माझं काही माहीत नाही. ती सहज बोलली. मी संडासात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

उभा असताना मला कानशीचा चुरा आठवला. तुलाही आठवत असेल. मास्तर गाडी न्यायला येणार होते त्या दुपारी, तू त्यांच्या नव्या चाकांना कानस मारल्यावर, बाकाखाली चंदेरी चुरा पडला होता, जिन्याच्या पायरीपर्यंत. तू म्हणालास, 'मास्तर यायच्या आत झाडून घे.' एरवी आपल्याकडे आठवडा आठवडा झाडू लागत नसे. ऑइल सांडलं तर तू त्याच्यावर पुठ्ठा टाकायचास. आणि त्या दिवशी झाडू! मी झाडला. सुपलीत भरून मागच्या डब्यात टाकला. मला तेव्हा कळत नव्हतं की त्यात लपवण्यासारखं काय आहे. तुला कळत होतं. कळत नसतं तर झाड म्हणाला नसतास. तीन वर्षं मी न आलेला फोन आठवत बसलो आणि हातातला झाडू मात्र विसरलो. एवढंच काय ते विसरलो मी.

इथे चाक विकायच्या आधी काय काय बघतात ते सांगू? स्टड किती, त्यांचं वर्तुळ केवढं. मधलं भोक हबला नेमकं बसतं का, मोठं असेल तर मधे रिंग. चाक किती आत बसणार, किती बाहेर येणार. टायरवर वजनाचा आकडा असतो, तो गाडीला पुरतो का. मग टायरच्या आतल्या कडेला खडू ओढून चार जणांना गाडीत बसवतात, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात, आणि खडू कुठे पुसला ते बघतात. पुसला तर चाक परत मांडणीवर, गिऱ्हाईक कितीही रुसू दे. बसवलं तरी शंभर किलोमीटर फिरवून परत बोलावतात, नट पुन्हा तपासायला. आणि आपण काय विचारायचो? 'काळं की चंदेरी?' बास. एवढंच. वर 'बसतंय ना, मग झालं'. मास्तरांना तरी अलॉय हवेत कशाला होते? साधी चाकं होती त्यांची, जरा गंजलेली. रंग मारून दिला असता तर दहा वर्षं गेली असती. पण तुझ्याकडे तो सेट मांडणीवर धूळ खात पडला होता. 'मास्तर, इतकी वर्षं सायकलवर काढलीत, आता जरा ऐट करा की.' गणित शिकवणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा ऐट करायला निघाला आणि वळणावरच्या भिंतीला जाऊन भिडला.

नंतरचं तर तुला पाठच असेल. चाक गडगडत पुढे गेलं होतं, गाडी तीन चाकांवर. तू मला मागच्या खोलीत नेलंस आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. त्या हाताचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. 'तू लहान आहेस, लहानाकडून होतं असं. माझं नाव आलं तर गॅरेज बंद, आई काय खाईल?' चौकीत मी मान हलवली, दवाखान्यात मास्तरांच्या पलंगाशी जाऊन रडलो, पाय धरले. तू दाराशी उभा होतास. आत नाही आलास. मला वाटलं, दादाला बघवत नाही. बघवत नव्हतंच तुला, पण मला वाटलं त्या कारणानं नव्हे.

मंगळवारी फोन केला तो भांडायला नव्हता. मला एवढंच सांगायचं होतं की कानस मारून बसवलेल्या बाकीच्या गाड्या बोलावून घे. तू म्हणालास, 'मोठा इंजिनिअर झालास का रे? चार दिवस टायर उचललेस आणि मला अक्कल शिकवतोस?' आणि कापलास. मग मीच कामाला लागलो. फोटोवाल्याला फोन केला, दुधाच्या गाडीवाल्याला केला. दोघांनी जुनी चाकं परत चढवली. फोटोवाला सांगत होता, त्याचे दोन नट हातानं फिरत होते. हातानं, दादा! मला ह्या दोनच गाड्या आठवतात. बाकीच्या तुला आठवत असतील. त्या तू बोलावून घे. आज. हे पत्र खाली ठेवून. त्यात माझं-तुझं काही नाही.

तुला वाटत असेल, मला आता माझं नाव धुऊन हवंय. खोटं नाही सांगत, हवंय. पण मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. गाडी देताना मास्तरांनी तुला नव्हतं विचारलं. तू आत होतास. त्यांनी मला विचारलं, 'नीट बसलीत ना रे चाकं?' आणि मी चाकाला लाथ मारून म्हणालो, 'एकदम फिट, सर.' लाथ मारून! वर्गात कधी एक उत्तर धड दिलं नाही, आणि तेवढं एक ठणकावून दिलं. ते माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही.

तरी हे सगळं मी गिळलंही असतं. आईसाठी खूप काही गिळलंय. पण परवा आईचा फोन आला, आवाजात इतका आनंद की मी घाबरलो. मास्तर काठी टेकत तिला बाजारात भेटले. म्हणाले, 'धाकट्याला कळवा, माझ्या मनात काही नाही. माणूस आहे, विसरतो. आता घरी ये म्हणावं.' आई रडत होती. मी फोन धरून उभा, आणि रागानं मी करकर दात खायला लागलो. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ती माफी आली आणि ती मला घेता येत नाही, कारण मी विसरलोच नव्हतो. त्या माणसानं तीन वर्षं मनाशी झगडून ती दिली असेल, आणि ती भलत्याच पत्त्यावर पडली. म्हणून हे पत्र. सोबत दुसरा कागद आहे, तो मास्तरांना. मुद्दाम पाकिटात घातलेला नाही, वाच. वर माझ्या पाच ओळी आहेत, लाथेच्या आणि 'एकदम फिट'च्या. खाली अर्धा कागद कोरा सोडलाय. तो तुझा. तू लिही आणि तूच नेऊन दे, दाराशी उभा राहू नकोस, आत जा. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, ते पण तुझ्याच तोंडून जाऊ दे. महिनाभर वाट बघतो. मग पंधरा दिवसांची सुट्टी काढून येतो, आधी मास्तरांकडे, मग घरी. त्यांच्या टेबलावर तो कागद पूर्ण भरलेला दिसला तर तुझ्या हातचा चहा घेईन. अर्धा दिसला तर उरलेला तिथेच बसून मी भरीन, माझ्या ह्याच अक्षरात.

तुझाच, दुसऱ्या कुणाचं होता आलं नाही म्हणून तुझाच,
धाकटा