घासलेला सांधा

निरगुडसर, रविवार संध्याकाळ, २००४

पाइप जोडून आम्ही भावांनी बांधलेल्या रेसच्या गाडीला आज रंग लागला. पूजेला चकाचक दिसावी म्हणून सोपानदादानं रंगाआधी माझ्या वेल्डिंगचे फुगवटे ग्राइंडरनं घासून सपाट केले. सीटमागच्या सांध्यावर बोट फिरवलं, तर जोड हाताला लागतच नाही. त्या फुगवट्यातच तर जोर असतो. मला विचारायचं तरी.

दादाला म्हणालो, परत जोडू. तो म्हणाला, "रंग जळंल की. उद्या सगळं गाव येणार हाय."

घरात नवी गाडी आली की आधी वडील बसणार, ही आमच्याकडची रीत. अण्णांनी धोतर धुऊन वाळत घातलंय. उद्या पूजा झाली की डिंभे धरणाकडच्या रस्त्याच्या वळणांवर जायचं. चालवणार मी, शेजारी अण्णा.

आत्ता पुन्हा जाऊन बोट फिरवून आलो. काहीच लागत नाही. मी उगाच घाबरतोय का?

शेवटी अण्णांनाच विचारलं, जोड सुटला तर? तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "तू जोडलाय न्हवं? मंग न्हाई सुटायचा."